बेचाळीस टक्क्यांवरचा खडा

धर्मपाल खंडारे बंद पडलेल्या मोटारीला हात लावायच्या आधी तिच्या मालकाचं बोलणं ऐकून घेतो. मोटार कधी घेतली, विहीर किती खोल, सकाळी चालू कोण करतं, बंद कोण करतं. माणूस बोलत राहतो आणि धर्मपाल मान खाली घालून ऐकत राहतो. परतवाड्याच्या बसस्टँडामागे त्याचं दुकान आहे. तिथे गिऱ्हाइकासाठी एक लोखंडी खुर्ची ठेवली आहे, ती याच कामाची. "मशीन खोटं बोलत नाई," तो म्हणतो, "पन अर्धंच सांगते. उरलेलं मानसाजवळ असते."

ही रीत त्याला बापाकडून मिळाली. बाप जानराव, शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांना पाणी देणारा. बागांमध्ये ठिबकच्या नळ्या आल्या तेव्हा शेवटच्या झाडाला पाणी पोचलं नाही की बाकीचे लोक विहिरीकडे धावायचे. जानराव मात्र शेवटच्या झाडापाशी जाऊन बसायचा आणि तिथून नळी बोटांनी चाचपत उलटा चालत यायचा. कुठेतरी हरभऱ्याएवढा खडा सापडायचाच. तो खडा तळहातावर घेऊन जानराव लेकराला दाखवायचा, जसं काही नदीत मोती सापडला.

धर्मपालने आयटीआय अर्धीच सोडली, पण बोटं शिकत राहिली. आधी मोटारी, मग रेडिओ, मग टीव्ही आणि एक दिवस कोणीतरी त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवला. इंग्रजी तो अक्षर-अक्षर लावून वाचतो, पण एकदा वाचलेलं विसरत नाही. आज तो त्रेपन्न वर्षांचा आहे. अचलपूरपासून धारणीपर्यंत ज्या कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत कॉम्प्युटर आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या पोटात त्याचा हात जाऊन आलेला आहे. त्याच्या पिशवीत एक लाल वही असते. तिच्यात प्रत्येक मशीनची कुंडली लिहिलेली.

ज्या एका वेळेला त्याने बापाची रीत मोडली, त्या वेळची ही गोष्ट.

धारणीला रस्त्याच्या कडेला एक छोटं कॉलेज आहे. आवारात मोहाचं जुनं झाड, त्याच्या सावलीत ऑफिसची कौलारू खोली आणि खोलीत पाच कॉम्प्युटर. त्यांतली सिस्टीम जुनी झाली होती. परीक्षेचे पेपर आता ऑनलाइन येतात आणि जुन्या सिस्टीमवर ते उघडेनात. म्हणून फेब्रुवारीत धर्मपालने पाचही डबे जीपमध्ये घालून घाट उतरवून परतवाड्याला आणले. आठ दिवस टेबलावर ठेवून नवी सिस्टीम टाकली, एकेक तपासला, आणि पुन्हा घाट चढवून नेऊन दिले. पडद्यावर निळं डोंगराचं चित्र आलं, सगळे खूश झाले. प्राचार्य पंजाबराव ढोले यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "धर्मपालजी, आता उन्हाळी परीक्षेले काई अडचन नाई ना?"

"माह्या जबानीवर सोडा, सर," धर्मपाल म्हणाला होता.

पेपर येण्याची पद्धत अशी. ज्या दिवशी पेपर, त्याच्या आदल्या दिवशी एक कुलूपबंद फाइल उतरवून घ्यायची. तिच्यात सगळ्या विषयांचे पेपर असतात, पण दिसत नाहीत. परीक्षेच्या सकाळी प्राचार्यांच्या मोबाइलवर किल्लीचे आकडे येतात, ते घातले की कुलूप उघडतं आणि पेपर छापून वर्गात जातात. धारणीच्या लाइनवर ती फाइल उतरायला पन्नास मिनिटं लागतात. परीक्षा सोमवारपासून होती आणि त्याआधी प्रत्येक केंद्राला रंगीत तालीम म्हणून तशीच एक फाइल उतरवून दाखवायची होती.

बुधवारी धारणीची तालीम बेचाळीस टक्क्यांवर थांबली.

गुरुवारी धर्मपाल पहिल्या बसने गेला. ऑफिसचं सगळं काम पाहणाऱ्या सुभद्राताई दारातच उभ्या होत्या. सुभद्राताई मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा धारणीच्या शाळेत मास्तर, म्हणून वीस वर्षांपासून इथल्या. रुमालावर भरतकाम करावं तसं त्या रजिस्टर लिहितात. शिपाई गोवर्धनने पाण्याचा तांब्या आणला. धर्मपाल मशीनसमोर बसला आणि सरावासाठी दिलेली, तेवढ्याच आकाराची एक फाइल लावली. पन्नास मिनिटं तो तिथून उठला नाही. मधूनमधून माऊस हलवून हे पाहायचा, ते पाहायचा. फाइल सरळ उतरली, कुठे अडखळलीसुद्धा नाही.

"लाइनचा दोष असन त्या दिवशी," तो म्हणाला. त्याने वायर बदलली, भिंतीवरचा इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. दुपारी सुभद्राताईंनी भाकर, पाटोडी आणि दह्याची वाटी पुढे केली. दही असं घट्ट, की चमचा उभा राहावा.

"ताई, उन्हाळ्यात असं दही आमच्या घरी जमत नाई."

"तुमच्या घरचे झाकन काढकाढून पाहत असतीन. विरजन लावलं की डोकवायचं नाई. आपली नजर लई वाईट."

धर्मपाल हसला आणि संध्याकाळच्या बसने घाट उतरला. त्या दह्याच्या वाटीतच उत्तर होतं, पण तेव्हा ते त्याला कळलं नाही.

शुक्रवारी दुसरी तालीम झाली आणि फाइल एक्केचाळीस टक्क्यांवर मेली.

पंजाबराव सरांचा फोन आला तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "धर्मपालजी, विद्यापीठाचं पत्र आलं हाय. उद्या शनिवार, शेवटची तालीम. पाच वाजेपर्यंत फाइल उतरली नाई तं धारनीचं केंद्र रद्द. आमचे एकशे बारा पोरं-पोरी परतवाड्याच्या केंद्रावर."

धारणी ते परतवाडा म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. हरिसाल, सेमाडोह, मग घाट. सकाळी नऊच्या पेपरला पोचायचं तर धारणीतून अंधारात निघायचं आणि धारणीपर्यंत यायला पाड्यांवरच्या पोरींना आधीच दोन तासांची वाट. असे चौदा दिवस.

त्या संध्याकाळी धर्मपालने अकोल्याला लेकीला फोन लावला. आचल तिथे एका कचेरीत कॉम्प्युटरचंच काम पाहते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मी सांगतो ते लिहून घ्या. एक, ॲन्टीव्हायरस. दोन, डिस्कवर जागा. तीन, नेटच्या कार्डाचा ड्रायव्हर. चार, सिस्टीम आपलेच अपडेट मागवत असन, ते बंद करा. पाच, मशीन झोपते का ते पाहा."

धर्मपाल लाल वहीत लिहीत होता. पाचव्याला थांबला. "झोपत नाई. गुरुवारी मी पन्नास मिनिटं समोर बसलो होतो. एकदाबी डोळा लागला नाई तिचा."

"मंग काट मारा. अन् बाबा…"

"काय?"

"नाई जमलं तं तुमच्या मोटारी हायेतच."

"माह्याच पोटची बोलून राह्यली," धर्मपाल म्हणाला आणि पाचव्या ओळीवर त्याने सरळ काट मारली.

शनिवारी पहिल्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. एप्रिलमध्ये मेळघाटाचं रान वाळलेलं असतं. सागाची पानं गळून खाली त्यांचा खच पडलेला, आणि मधेच एखादा मोह आपली फुलं टाकत उभा. सेमाडोहला बायका टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या होत्या. धर्मपालच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. फाइल एकदा एक्केचाळीसवर थांबते, एकदा बेचाळीसवर. म्हणजे अडते ती जवळपास एकाच जागी. नळीत पाणी एकाच जागी अडत असेल तर तिथे खडा असतो. पण त्याच नळीतून त्याच्यासमोर पाणी शेवटच्या झाडापर्यंत गेलं होतं. मग खडा गेला कुठे?

कॉलेजात पोचला तेव्हा मोहाखालच्या ओट्यावर एक तरुण बाई बसली होती. मांडीवर चार महिन्यांचं लेकरू, पदराखाली झोपलेलं. सुभद्राताई तिच्याशी बोलत होत्या.

"ही माया कासदेकर," त्यांनी ओळख करून दिली. "बैरागडच्या रस्त्यानं हिचं गाव. शेवटचं वर्ष हाय बीएचं. केंद्र कोठी ठरते ते पाह्याले आली."

"परतवाड्याले असन तं मी पेपर देतच नाई, मॅडम," माया म्हणाली. ती रडत नव्हती. बाजारात भाव पटला नाही की माणूस जसं सांगतो, तसं सांगत होती. "लेकराले घेऊन घाट कोन चढते-उतरते रोज? अठी असन तं सासू येते संगं, झाडाखाली सांभाळते. साडेचारची जीप हाय माही. त्याच्या आधी सांगा."

"अन् नाई दिले तं?" धर्मपालने विचारलं.

"आंगनवाडीची जागा निघाली हाय गावात. बीए झालेली पायजे म्हनते. दुसरी कोनी भेटन त्यायले."

धर्मपाल आत गेला. आता त्याच्या जबानीला तोंड होतं, आणि मांडीवर लेकरू होतं.

त्याने आचलची यादी काढली. ॲन्टीव्हायरस तपासला. डिस्कवर जागा भरपूर होती. ड्रायव्हर नवा टाकला. सिस्टीमचे स्वतःचे अपडेट थांबवले. मग सरावाची फाइल लावली आणि समोर बसला. सुभद्राताई, गोवर्धन, पंजाबराव सर, तिघे मागे उभे. दहा टक्के, वीस टक्के. चाळीसला तिघेही पुढे वाकले. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. साडेअकराला फाइल पूर्ण उतरली.

गोवर्धनने टाळी वाजवली. धर्मपालने कपाळाला हात लावला.

"आता काहून तोंड पाडून बसले?" पंजाबराव सर म्हणाले. "उतरली ना?"

"गुरुवारीबी उतरली होती, सर."

"मंग असं करू. आता तालमीची खरी फाइल लावू, तुमी असेच समोर बसा. उतरली की पत्र पाठवून देऊ. केंद्र वाचलं."

"अन् सोमवारी?"

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"चौदा दिवस रोज एक फाइल हाय, सर. मी रोज समोर बसू शकत नाई. आज पास झालो अन् सोमवारचे पेपर रविवारी बेचाळीसवर अडकले तं? एकशे बारा पोरं वर्गात बसलेले असतीन अन् हाती कोरा कागद. ते आजच्या नापास होन्यापेक्षा खराब." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "रोग दिसल्याशिवाय मी औषध देत नाई. मी माह्या हातानं सिस्टीम टाकली. रोग माहाच हाय."

रस्त्यावरून लाकडाचा एक ट्रक गेला आणि खिडकीतून धूळ आत आली. सुभद्राताईंचा हात सवयीने टेबलाच्या खणाकडे गेला, आणि मधेच थांबला. त्यांनी पदरानेच कीबोर्ड पुसला. धर्मपालने तो हात पाहिला. पण पाहणं आणि समजणं यांच्यामध्ये कधीकधी एक अख्खा घाट असतो.

त्याला बाप आठवला. शेवटच्या झाडापाशी बसलेला, विहिरीकडे पाठ करून. दोन्ही वेळा आपण मशीनपाशी बसलो, म्हणजे विहिरीपाशीच बसलो. शेवटच्या झाडापाशी गेलोच नाही. या लोकांना आपण एकदाही विचारलं नाही, की फाइल लावल्यावर तुम्ही काय करता. विचारायला सुचलंच नाही. फाइल लावल्यावर करायचं तरी काय असतं?

"ताई," तो उठला, "सरावाचीच फाइल पुन्हा लावा. मी नाई असं समजा. बुधवारी-शुक्रवारी जसं केलं, अगदी तसंच करा. मी स्टँडावर चहा पिऊन येतो."

सुभद्राताईंनी गोवर्धनकडे पाहिलं. गोवर्धनने जमिनीकडे पाहिलं.

"अगदी तसंच?" ताई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

स्टँडावर त्याने एक चहा घेतला, मग दुसरा. धारणीचा स्टँड दुपारी सुस्त असतो. जीपवाले टपावर पाय सोडून बसलेले, एक म्हातारी मोहफुलांचं गाठोडं उशाला घेऊन पहुडलेली. धर्मपालच्या हातातला कप थंड झाला. घड्याळात पंचवीस मिनिटं झाली तेव्हा त्याला बसवेना, तो निघाला.

फाटकातून आत आला आणि जागीच थांबला.

ऑफिसचं दार बंद. बाहेरून कडी. मोहाखालच्या ओट्यावर सगळे ओळीने बसलेले. पंजाबराव सर, सुभद्राताई, गोवर्धन आणि लेकराला घेऊन माया. बाळंतपण आत चालू असावं आणि घरची माणसं अंगणात बसावीत, तशी बसली होती.

"काय झालं?" धर्मपालने विचारलं. "लाइट गेली का?"

"नाई, लाइट हाय," गोवर्धन म्हणाला.

"मंग?"

"डौनलोड लागलं हाय."

"ते मले मालूम हाय. पन तुमी भाईर काहून बसले?"

सर दूरवर पाहू लागले, जसं काही डोंगरावर त्यांना वाघ दिसला.

"हसू नका, भाऊ," शेवटी सुभद्राताई म्हणाल्या. "नागपूरचा एक ट्रेनिंगवाला आला होता, तो लई हसला होता. तवापासून बाहेरचं कोनी आलं की मी लपवून ठेवतो."

"काय लपवता?"

"चला दाखवतो."

त्यांनी कडी काढली. आत अंधार होता, खिडक्या लावलेल्या. टेबलावर मशीनच्या डब्यापासून पडद्यापर्यंत सगळं एका मोठ्या पांढऱ्या रुमालाने झाकलेलं होतं. कडेने लाल दोऱ्याचं भरतकाम, मधोमध दोन मोर. ताईंचं स्वतःचं काम.

"पाच वर्सं झाले," ताई सांगू लागल्या. "पयल्यांदा ऑनलाइन पेपर आले, तवा आमी सगळे डोळे फाडून समोर बसलो. तीनदा तुटलं. तीनदा! चौथ्या येळी मी वैतागली. म्हटलं, आपल्याच नजरेनं नासून राह्यलं. पडदा बंद केला, रुमाल झाकला, दार लावलं अन् झाडाखाली जाऊन बसली. पुरं उतरलं. तवापासून असंच करतो. या हप्त्याआधी एकदाबी तुटलं नाई. दही अन् डौनलोड, दोघायकडे पाहू नये."

"पडदा बंद ठेवला की इन्व्हर्टरबी वाचते," सर मागून म्हणाले. स्वतःची बाजू सावरावी म्हणून.

धर्मपाल हसला नाही. त्याने दोन बोटांनी रुमालाचं टोक धरलं आणि नव्या नवरीचा घुंगट उचलावा तसं हळूच वर केलं. पडद्याचं बटण दाबलं. पडदा उजळला, पण त्यावर काही नव्हतं. नुसता काळोख. मग त्याने खाली डब्याकडे पाहिलं. समोरचा बारीक दिवा एकसारखा जळायला हवा होता. तो मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा, मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा. मायाच्या मांडीवरच्या लेकराची छाती जशी वरखाली होत होती, तसा.

मशीन झोपलेली होती.

धर्मपाल खुर्चीवर बसला. लाल वही काढली, कालचं पान उघडलं आणि पाचव्या ओळीवरची आपलीच काट पाहत राहिला. मग त्याला हसू आलं. आधी ओठांत, मग खांद्यांत, मग अख्ख्या अंगात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला.

"मी म्हटलं होतं हसू नका," ताईंचा चेहरा उतरला.

"तुमाले नाई हो ताई, मले हसून राह्यलो!" त्याने डोळे पुसले. "तुमची रीत बरोबर होती. जुन्या सिस्टीममधी मीच दहा वर्सांपूर्वी मशीनले सांगून ठेवलं होतं, झोपायचं नाई. ते मी इसरलो. नवी सिस्टीम टाकली तिनं स्वतःचा कायदा आनला. वीस मिनिटं कोनी हात लावला नाई की झोपायचं. अन् मशीन झोपली की नेटबी झोपते. वीस मिनिटांत तुमच्या लाइनवर किती टक्के होते?"

ताईंनी बोटांवर हिशेब केला. "चाळीस… एक्केचाळीस."

"हा घ्या खडा."

"म्हनजे तुमी समोर बसले की…" सरांच्या लक्षात येऊ लागलं.

"मी बसलो की माऊस हलवतो. तिले वाटते मालक जागा हाय, आपन कसं झोपावं? अन् तुमी तिले अंधारात घातलं, वरून पांघरून घातलं, दार लावलं. ते तं मानूसबी झोपते, सर!"

पंजाबराव सर एवढ्या मोठ्याने हसले की मायाचं लेकरू दचकून उठलं. पण ते रडलं नाही. एवढे सगळे लोक कशाला हसतात ते डोळे मोठे करून पाहू लागलं.

पुढचं काम दोन मिनिटांचं होतं. धर्मपालने सेटिंग उघडली, झोपेच्या जागी 'कधीच नाही' निवडलं. पाचही मशीनवर. मग सुभद्राताईंना खुर्चीवर बसवून त्यांच्या हाताने एकदा करून घेतलं, म्हणजे पुन्हा कधी बदललं तर घाट चढून कोणाला यावं लागू नये. ताईंनी ते रजिस्टरात लिहून घेतलं, सुबक अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

दीड वाजता तालमीची खरी फाइल लागली. सर म्हणाले, "आता समोर बसायचं ना?"

"काहून?" धर्मपाल म्हणाला. त्याने स्वतःच पडद्याचं बटण बंद केलं. मोरांचा रुमाल उचलला, झटकला आणि चारी कोपरे नीट ओढून मशीनवर पांघरला. "जसं रोज करता तसंच झालं पायजे. सोमवारी मी नाई इथं. रुमालाखालून उतरली तरच खरी."

त्याने दार ओढून घेतलं. गोवर्धनने कडी लावली.

ओट्यावर आता पाच जण बसले. ऊन झाडाच्या बुंध्यापर्यंत सरकलं होतं. मोहाची उरलीसुरली फुलं अधूनमधून टपकन पडत होती आणि त्यांचा गोड, जड वास दुपारभर साचून राहिला होता. सुभद्राताईंनी ताक आणलं. वीस मिनिटं झाली तेव्हा सरांनी घड्याळ पाहिलं. पंचविसाव्या मिनिटाला गोवर्धन उठला आणि दाराच्या फटीला डोळा लावायला गेला.

"गोवर्धन!" ताई ओरडल्या.

तो मुकाट्याने परत येऊन बसला.

धर्मपालचे हात मांडीवर होते. त्या हातांना आयुष्यात एवढा वेळ काहीच न करता बसायची सवय नव्हती. बोटं आपोआप पँटच्या शिवणीवरून फिरत होती, नळी चाचपत यावी तशी. त्याने मायाला विचारलं, "लेकराचं नाव काय?"

"ठेवलं नाई अजून. परीक्षा झाल्यावर ठेवीन म्हटलं. एका येळी एकच काम."

अडीचला कडी निघाली. या वेळी रुमाल सुभद्राताईंनी उचलला. पडदा उजळला. हिरवी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली आणि खाली लिहिलेलं, पूर्ण. ताई तिथेच खाली बसल्या, फरशीवर. सरांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं, मग फोन लावला. पलीकडून पावती यायला तास गेला. पावणेचार झाले नव्हते तेव्हा सर ऑफिसातून बाहेर आले आणि पायरीवरूनच म्हणाले, "धारनीचं केंद्र धारनीतच."

माया उठली. लेकराला खांद्यावर टाकलं, पिशवी उचलली. "मंग सोमवारी आठ वाजता येतो," ती म्हणाली, आणि जीपच्या दिशेने चालू लागली. फाटकापाशी मात्र ती मागे वळली आणि धर्मपालला म्हणाली, "भाऊ, परीक्षेत मीबी झोपली तं? रात्रभर हे जागवते."

"तुह्यासमोर मास्तर माऊस हलवतीन!" गोवर्धन ओरडला, आणि ती हसत हसत दिसेनाशी झाली.

त्यानंतर धर्मपाल कोणत्याही कचेरीत गेला की मशीनजवळ जात नाही. आधी माणसांमध्ये बसतो आणि विचारतो, "काम लावून दिल्यावर तुमी काय करता?" कुठे मशीनला हार घालून ठेवतात, कुठे गाणी लावतात, एका दवाखान्यात तर अपडेट चालू असताना कोणी शिंकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तो सगळं लाल वहीत लिहितो. कोणावर हसत नाही.

पण ते पुढचं. त्या शनिवारी संध्याकाळच्या बसमध्ये तो बसला तेव्हा सुभद्राताई धावत स्टँडावर आल्या. हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा.

"दुपारी लावलं हाय. अजून जमून राह्यलं. घरी जाईपर्यंत झाकन काढू नका."

"नाई काढत."

बस हरिसाल ओलांडून घाटाकडे निघाली. ऊन उतरलं होतं, रानातून थंड वारा येत होता आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा धर्मपालला बाहेरचे डोंगर दिसले. डबा त्याने मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. वळणं आली की तो डबा थोडा उचलून धरायचा, म्हणजे आतलं हलू नये. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय हाय त्यात?"

"मालूम नाई," धर्मपाल म्हणाला. "परतवाड्याले गेल्यावर पाह्यतो."